आधी नाव, मग घाव

भांड्याच्या दुकानात एक कोपरा मोडीचा असतो. फुटका तांब्या, बूड गेलेला हंडा, कान तुटलेली कढई, चेपलेली परात असं काय काय लोक आणून टाकतात. वजनावर पैसे घेतात, नाहीतर वर थोडे घालून नवं भांडं घेऊन जातात. त्या जुन्या मालाला आम्ही मोड म्हणतो. मोडीचा ढीग रोज थोडा थोडा वाढतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ट्रक येऊन तो उचलून नेतो. किश्श्यांचा ढीग मात्र कोणी उचलून नेत नाही. चाळीस वर्षं मी मोडीशेजारी बसले. आता दुकान नाही, पण हा दुसरा ढीग आहे तिथंच आहे. धाकटी लेक म्हणते, "आई, तू बोलण्यापेक्षा लिहून काढ, म्हणजे आमचे कान सुटतील." तर लिहिते.

अमडापूरच्या बाजारात आमचं दुकान होतं. मी शाळेची पायरी चढलेली नाही. जे येतं ते माझं मी शिकलेलं आहे, त्यामुळे ते विसरायचा प्रश्न येत नाही. कोणाला माझी भाषा गावंढळ वाटली तर वाटू द्या. पुण्याचा एक व्यापारी एकदा दुकानात येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही बोलता छान, पण अर्धं कळत नाही."

मी म्हटलं, "भाव कळला ना? मंग झालं तर."

*

अक्षरं मी भांड्यांवर शिकले.

आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव. कोणी गेलं तर तेराव्याला सोयऱ्यांना भांडी वाटतात, त्यांवर गेलेल्याचं नाव. बारीक छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांचं अक्षर उठवायचं. मालक नाव घालत बसायचे आणि मी, तेरा वर्षांची नवी नवरी, मोडीतली भांडी घासून वेगळी करत शेजारी. बोटानं ठिपके गिरवता गिरवता मला आकार ओळखू यायला लागले.

सगळ्यात आधी एक आकार पाठ झाला. क, त्यावर दोन मात्रा आणि पुढं एक टिंब. तो इतक्या भांड्यांवर असायचा की मला नवल वाटलं. मालकांना मी इतकंच विचारलं की हे काय आहे. ते म्हणाले, 'कै'. एवढ्यावर मी माझं ठरवून टाकलं.

एकदा सासऱ्यांना जेवायला वाढताना म्हटलं, "मामाजी, हे कै घराणं लई मोठं दिसते. जिकडं तिकडं त्याईचीच भांडी."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मालक मान खाली घालून हसत होते. सासरे मात्र हसले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "हाव माय, लई मोठं घराणं आहे. आपल्याले सगळ्याईले त्यातच जायचं आहे."

*

मालक त्या घराण्यात लवकर गेले. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. दोन मुली, आणि हे दुकान. दुसरं काही नाही. शेत नाही, माहेर नाही. भाऊबंद म्हणाले, दुकान विकून टाक, बाईमाणसानं बाजारात तराजू धरणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, "बरं दिसत नसंल तर इकडं पाहू नका." मालकांच्या हाताखाली घणाचं काम करणारे देवरावभाऊ तेवढे टिकले. ते मला वहिनी म्हणायचे. दिवसाकाठी दहा शब्द बोलायचे, त्यातले चार 'वहिनी' असायचे.

चीनची लढाई झाली आणि तांब्या-पितळेचे भाव चढायला लागले. मोड उचलणारा सेठ मलकापूरचा. एरवी त्याचा मुनीम यायचा. त्या दिवशी सेठ स्वतः आला. ढिगाभोवती एक फेरी मारली, एक फुटका तांब्या उचलून कानाशी नेऊन टिचकी मारली, आणि हळूच म्हणाला, "वहिनी, हा ढीग आता आडोशाले ठेवत जा. हे पितळ नाही राह्यलं."

"मंग काय झालं?"

"दागिना झाला."

त्यानंतर गाव बदललं. पूर्वी विहिरीवर घागरी तशाच पडलेल्या असायच्या. आता बाई हात धुवायला वळली तरी घागर पायात धरून वळायची. देवळातल्या घंटेला साखळी आली, साखळीला कुलूप आलं, आणि कुलूपही पितळी निघालं म्हणून मग तेसुद्धा गेलं.

सकाळी लोटा घेऊन नाल्याकडे जायची तेव्हा रीत होती. एका सकाळी चौकीवरचा जमादार दुकानात येऊन बसला. मग मोडीकडे न पाहता म्हणाला, "बाई, एखादा लोटा आला का आज?"

"कसा होता?"

"होता आपला. साधाच."

"भरलेला का रिकामा?"

देवरावभाऊंनी तोंड फिरवून भाता हलवायला सुरुवात केली, भट्टी पेटलेली नसताना. दुसऱ्या दिवसापासून जमादार डालड्याचा टिनाचा डबा घेऊन नाल्याकडे जाऊ लागला. महिनाभरात सगळं गाव त्याच्यामागं डबे घेऊन. लोटे घरात, माळ्यावर, कुलपात.

*

फोन तेव्हा गावात एकच होता, पोस्टात. चिखलीकडून खांबांवरून तार यायची. तांब्याची.

एक माणूस कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या मोळीत लपवून तारेचं भेंडोळं घेऊन आला. भेंडोळं कसलं, गाडीचं चाक म्हणा. मी विचारलं, "हे कुठलं?"

"घरचं. धोतरं वाळू घालाची तार होय."

मी एक टोक देवरावभाऊंच्या हाती दिलं. ते चालत दुकानाच्या बाहेर गेले, रस्ता ओलांडला, मारुतीच्या पारापर्यंत पोचले, तरी भेंडोळं निम्मंसुद्धा उलगडलं नव्हतं.

मी म्हटलं, "काऊन गा, घरात मानसं किती?"

"खटलं मोठं आहे," तो म्हणाला.

त्याला चहा दिला आणि देवरावभाऊंना चौकीवर पाठवलं. जमादार कायद्याचा पक्का. आधी खात्री करायची, मग माणूस धरायचा. खात्री करायला तो पोस्टात गेला आणि चिखलीला फोन लावायला लागला. हँडल फिरवून फिरवून त्याचा हात दुखला. शेवटी बाहेर येऊन देवरावभाऊंना म्हणाला, "फोन लागूनच नाही राह्यला. तार चोरीले गेली का नाही हे त्याईले इचारू तरी कसं?"

तोवर मोठ्या खटल्याचा तो माणूस चहा पिऊन, कपबशी धुऊन ठेवून निघून गेला होता. तार मात्र सोडून गेला. ती आम्ही सायकलवर घालून चिखलीला पोचवली.

*

हा किस्सा हसायचा नाही. ज्यांना हसायचंच आहे त्यांनी हा सोडून पुढचा वाचावा.

गोदा माझी मैत्रीण. माळ्याची, गावाबाहेर तिचा भाजीचा मळा. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर भाजीच्या ओळीत तिची जागा. तिच्या विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन होतं. विहिरीत सोडलेल्या नळाच्या टोकाला एक पितळी झडप असते, पाणी खाली निसटू देत नाही. आमच्याकडे तिला सगळे फुटबॉल म्हणतात. ती नसली तर इंजिन नुसतं धडधडतं, पाणी वर येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक परका माणूस पोत्यात पितळ घेऊन आला. सगळं घणानं ठेचून तुकडे केलेलं. मी विचारलं, "कशाचं?" तो म्हणाला, "जुन्या इंजिनाचं." देवरावभाऊंनी एक तुकडा उन्हात धरला.

"वहिनी, तूट ताजी आहे. चकाकून राह्यली."

त्या दिवशी ते दहापेक्षा जास्त शब्द बोलले. मला कळायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सेठचा ट्रक येणार होता, भाव चांगला होता, आणि मी तराजू हातात घेतलेला होता. मी तोललं.

तीन दिवसांनी गोदा आली. "गिरजे, तुह्या मोडीत जुनापाना फुटबॉल आहे का? माहा कोणं तरी काढून नेला. मलकापुरात भेटून नाही राह्यला, आठ दिवस थांबा म्हणते. वांगे तोवर उभे राह्यत नाही."

खोटं बोलले असते तर निभावलं असतं. ट्रक निघून गेला होता, ढीग रिकामा होता. मी म्हटलं, "गोदे, तो म्याच घेतला. ठेचून आणला होता. ओळखला नाही."

तिनं ढिगाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओळखला नाही, का ओळखाचा नव्हता?"

याचं उत्तर मी तिला दिलं नाही. आजही कोणी विचारलं तर देणार नाही.

वांगी गेली, टमाटे गेले. मी पैसे पुढं केले ते तिनं घेतले नाहीत. बाजारात ती तिच्या जागेवरच बसायची, समोरच, पण माझ्याकडे पाठ करून.

जमादार आला. पंचनामा लिहिला आणि म्हणाला, "बाई, पुन्हा एक चोरीची चीज या दुकानात गेलेली समजली का मी कुलूप लावीन. बाईमानूस म्हणून सोडनार नाही."

"सोडू नका," मी म्हटलं. आणि बाजाराच्याच दिवशी उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. यापुढं या दुकानात तुकडे घेतले जाणार नाहीत. भांडं अख्खं आणायचं, नाव असलेलं आणायचं, भर बाजारात आणायचं. त्यावरचं नाव मी इथं उभी राहून मोठ्यानं वाचीन. कोणाचं काही म्हणणं असलं तर तेव्हाच बोलावं, नाहीतर तिथंच घण घालून भांडं मोडलं जाईल. आधी नाव, मग घाव.

जमादार म्हणाला, "अन् एखादं वाचाचं राह्यलं तर?"

"तर तुम्ही कुलूप आनू नका. माह्याजवळ आहे, माहं मी लावीन."

*

पहिले काही बाजार लोक गंमत पाहायला जमायचे. बाई वाचते, तेही मोठ्यानं, तेही तांब्यावरचं. मग सवय झाली. मी वाचायला उभी राहिले की भाजीची ओळ आपोआप गप्प व्हायची.

एकदा एक परगावचा माणूस चांगली नवीकोरी पितळी घागर घेऊन आला. पोचा नाही, डाग नाही. मोडीत का देतो, तर म्हणे पैशाची नड. मी नाव वाचलं, "कैलासवासी सखाराम भिकाजी, यांच्या स्मरणार्थ. तीन मुलांकडून. कोणाचं काही म्हणनं आहे का?"

बैलबाजाराच्या बाजूनं आवाज आला, "आहे ना."

गर्दीतून सखाराम भिकाजी स्वतः पुढं आले. हातात कासरा, डोक्याला फेटा, चांगले जिवंत. घागरीवरून हात फिरवून म्हणाले, "वाच बरं पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. 'कैलासवासी' जरा हळू वाचलं.

घागर आणणारा माणूस एव्हाना पसार झाला होता. उलगडा असा झाला की सखारामबुवा मागल्या पावसाळ्यात आजारी होते. पितळेचे भाव रोज चढत होते. तिन्ही मुलांनी विचार केला, तेराव्याच्या घागरी आत्ताच घेऊन ठेवल्या तर स्वस्त पडतील. चिखलीहून दोन डझन घागरी आणल्या, नावं घालून घेतली आणि कडब्याच्या गंजीत दडवल्या. बुवा बरे झाले. घागरी तिथंच राहिल्या. त्यातली एक चोरानं ओढली.

तिघे मुलगे बाजारातच होते. बापासमोर मान वर करेनात. थोरला कसाबसा म्हणाला, "बाबा, भाव चढून राह्यले होते..."

"मी कोठी काय म्हनलो?" बुवा म्हणाले. "चांगला व्यवहार केला. बाकीच्या तेवीस कोठी आहेत? त्याही काढा. पानी भरू."

तेवीस घागरी सोयऱ्यांना जिवंतपणीच स्वतःच्या हातानं वाटल्या त्यांनी. ही एक घरी ठेवली आणि पुढं नऊ वर्षं तिचंच पाणी प्यायले.

त्या दिवशी ते घागर खांद्यावर टाकून निघून गेले तेव्हा भाजीच्या ओळीतून गोदा वळली आणि म्हणाली, "गिरजे, तुह्या वाचन्यानं तं मेलेलेही उठून येऊन राह्यले."

वर्षभरातलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य होतं ते. मी पुढचं भांडं उचललं, पण काय वाचलं ते आठवत नाही.

*

मग चोर शहाणे झाले. कानशीनं नाव घासून आणायला लागले. तसं भांडं मी परत करायचे. सेठ म्हणायचा, "वहिनी, नावाचं वजन ते किती? मासाभरही नाही. त्याच्यापायी तुम्ही मणांनी माल सोडून राह्यल्या." मी म्हणायचे, "तुमच्या तराजूत मासाभर नसंल. माह्यात आहे."

एक पांढऱ्या टोपीचा माणूस आला. शेजारच्या गावचा, चार लोकांत उठबस असणारा. सोबत तांब्याचा मोठा हंडा. म्हणाला, आजोबांचा आहे, नाव आधीपासून नाही. बाहेरून कानशीचे ओरखडे लिंबानं घासून झाकलेले. चकचकीत.

छिन्नीनं नाव घातलं की बाहेर खळगा पडतो आणि आतून फुगवटा येतो. बाहेरचं घासता येतं. आतलं घासायला हंड्यात कानस फिरत नाही. मी पदर खोचला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बोटांनी चाचपून वाचायला लागले. आतून अक्षरं उलटी लागतात, पण मी शिकलेच बोटांनी. उलटं आणि सुलटं मला सारखंच.

"मारुती देवस्थान," मी मोठ्यानं म्हटलं. "पुढं लिहिलं आहे, पंच कमिटी."

टोपीवाला गोरामोरा झाला. जमलेल्यांतून कोणीतरी म्हणालं, "हे तं सोताच पंच आहेत त्या देवळाचे."

तो लगेच सावरला. चार लोकांत बोलायची सवय. म्हणाला, "देवाचाच हंडा आहे बाई, मी कोठी नाही म्हनतो? देवाच्याच कामासाठी विकून राह्यलो. कळसाचं काम काढलं आहे."

"मंग देवाले घेऊन या," मी म्हटलं. "भांडं त्याचं, तोच हो म्हनंल. तुम्ही नुसते पंच."

हंडा जमादारानं बैलगाडीत घालून त्या गावच्या देवळात पोचवला. कळस काही आजपर्यंत बसलेला मी पाहिला नाही.

*

आता एकच सांगते.

बाजाराचा दिवस, सकाळ. दुकान अजून पुरतं उघडलं नव्हतं. मागच्या दारी मास्तरीणबाई आल्या. गुरुजींच्या पत्नी. गुरुजी आमच्या गावच्या शाळेत उभी हयात शिकवत होते. गाव मानायचं त्यांना. ते जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली असतील. मास्तरीणबाई कधी कोणाच्या दारात उभ्या राहिल्या नव्हत्या, मागच्या तर नाहीच.

जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी त्यांनी माझ्यापुढं ठेवलं आणि गाठ सोडली. तांब्याचं घंगाळ. दोन्ही बाजूंना कड्या, भक्कम. मी पाहताक्षणीच ओळखलं. गुरुजी नोकरीतून मोकळे झाले तेव्हा गावानं घरटी चार-चार आणे काढून त्यांना दिलेलं. नाव मीच घातलं होतं, दोन दिवस लागले होते. 'समस्त गावकरी, अमडापूर, यांजकडून पूज्य गुरुजींस.'

"गिरजा, मला याचे पैसे हवेत. आज. कशाला ते विचारू नकोस."

"नाही विचारत. पन हे राहू द्या, मी तशेच देतो."

"मी मागायला आलेली नाही. विकायला आले आहे." मग म्हणाल्या, "आणि हे वाचू नकोस."

मी म्हटलं, "मास्तरीणबाई, न वाचता घेतलं तर माहं दुकान जाईल."

"ठाऊक आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे." एवढं बोलून त्या घंगाळ पुन्हा लुगड्यात बांधायला लागल्या. गाठ बसेना. दोनदा सुटली. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि म्हटलं, "ठेवा. बाजार भरला का समोर भाजीच्या ओळीत या. जवळ नका येऊ."

दुपारी बाजार भरला. जमादार नेहमीप्रमाणे दुकानाच्या बाकावर येऊन बसला. वाचणं ऐकायला तो दर बाजारी यायचा. माझी एक चूक होईल म्हणून येत होता की होऊ नये म्हणून, हे मला कधी कळलं नाही. तीन-चार किरकोळ भांडी झाली. मग मी घंगाळ उचललं. अक्षरं माझ्या पोटाकडे फिरवून धरली. तशी घंगाळं आमच्याच दुकानातून गावात कितीतरी गेलेली, लांबून सगळी सारखी. देवरावभाऊ घण घेऊन उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं.

उंबऱ्यासमोर उभ्या असलेल्यांतले निम्मे गुरुजींच्या हाताखालून गेलेले. भाजीच्या ओळीत मास्तरीणबाई कोथिंबिरीची एक जुडी हातात धरून उभ्या होत्या.

मी वाचलं.

"कैलासवासी नारायण सोनाजी, यांच्या स्मरणार्थ."

ते माझ्या मालकांचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर ते माझ्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

देवरावभाऊंनी उचललेला घण जमिनीला टेकवला. "वहिनी..." एवढंच म्हणाले. घरात मालकांच्या नावाचं भांडं कोणतं आणि किती, हे त्या माणसाला माझ्याइतकंच माहीत होतं.

"कोणाचं काही म्हणनं आहे का?" मी विचारलं. दर वेळी विचारायचे तसंच.

जमादार बाकावरून उठला.

"पाहू," म्हणाला, आणि घंगाळ माझ्या हातातून घेतलं.

त्याला ओठ हलवल्याशिवाय वाचता यायचं नाही. मी त्याच्या ओठांकडे पाहत होते. ते शेवटपर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले आणि पुन्हा शेवटपर्यंत गेले. मी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. दुकानाची किल्ली कोणती ते मला न पाहता सांगता येत होतं.

जमादारानं घंगाळ देवरावभाऊंच्या हातात दिलं, अक्षरं खाली करून. मग बाजाराकडे वळला.

"बाई मालकाचं भांडं मोडून राह्यली," तो म्हणाला. "नुसते पाह्यता काय? हात जोडा."

सगळ्या बाजारानं घंगाळाला हात जोडले. समोर मास्तरीणबाईंनीही जोडले, कोथिंबिरीच्या जुडीसकट.

मग देवरावभाऊंनी घाव घातला.